गावच्या फलकावर आकडा आहे, नावं नाहीत! पहिल्या महायुद्धात गेलेला तुमच्या गावचा शिपाई कसा शोधाल?

सातारा, रत्नागिरी, रायगड, पुणे या पट्ट्यातल्या जुन्या गावांमध्ये चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत कधी कधी एक पांढरा संगमरवरी फलक दिसतो. मजकूर इंग्रजीत, जेमतेम दोन-तीन ओळींचा. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके जण गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. नाव एकाचंही नाही.

असा एक फलक रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी आहे. लहानपणी त्या भिंतीला टेकून आम्ही क्रिकेटचा स्कोअर मोजायचो. गेल्या वर्षी गेलो तेव्हा भिंतीला नवा ऑइल पेंट लागला होता आणि रंगाऱ्याने फलकालाही सोडलं नव्हतं. 'इतके जण गेले' यातला आकडा रंगाखाली गेलेला, 'इतके मेले' मधला अर्धाच दिसणारा. गावात चार जणांना विचारलं. ब्रिटिशांच्या वेळचं काहीतरी आहे, यापलीकडे कुणाला सांगता आलं नाही. आजीला मात्र एक वाक्य आठवत होतं: "खालच्या वाडीतला एकजण बसऱ्याला गेला, तो आलाच नाही."

बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं शहर. तिथे कोकणातला माणूस काय करत होता? त्याचं नाव गावच्या फलकावर का नाही? आणि शंभर वर्षांनी ते सापडू शकतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच गावांसाठी 'हो' असं आहे, आणि त्यासाठी हातातला मोबाइल पुरतो. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

एवढी माणसं गेली कुठे?

पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातून १३ लाखांहून अधिक लोक गेले. सुमारे ७४ हजार परतले नाहीत. फ्रान्समधल्या खंदकांत लढलेल्या भारतीयांबद्दल आपण अधूनमधून वाचतो, फोटोही पाहतो. पण सर्वांत जास्त भारतीय गेले ते मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, म्हणजे आजच्या इराकमध्ये. मराठी मुलखातून भरती झालेल्या पलटणींचा मोठा वाटाही तिथेच होता.

६ नोव्हेंबर १९१४ ला इराणच्या आखाताच्या टोकाला फाव इथे जी पहिली ब्रिगेड उतरली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ही ब्रिगेड ज्या डिव्हिजनची, तिचं नावच 'सहावी पूना डिव्हिजन'. पुढे १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्रीही या डिव्हिजनबरोबर टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकत गेली. बगदादच्या अलीकडेच फौजेला माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा या गावात ती वेढली गेली. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारून खाण्याचा हुकूम निघाला, आणि अनेक भारतीय शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस तोंडात घातलं नाही. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेले. १३ हजारांच्या आसपास लोक तुर्कांच्या कैदेत पडले. त्यात तीन हजारांहून अधिक जण लढणारे नव्हतेच. ते पाणके, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे अशा कामांवरचे होते. वाळवंटातून चालवत नेताना आणि नंतर छावण्यांमध्ये अनेक जण गेले. त्यांच्या कबरी किंवा दहनाच्या जागा शोधणं तेव्हाही शक्य नव्हतं.

गावच्या फलकावरच्या 'परत न आलेल्यां'पैकी कित्येक जण या वाटेवर पडलेले आहेत.

साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले, असा आकडा तिथे सांगितला जातो. एका गावातून ४६. तिथे हा आकडा पिढ्यान् पिढ्या जिवंत राहिला, कारण घरटी फौजेत जाण्याची परंपरा पुढेही चालू राहिली. जिथे ती तुटली, तिथे फलकाच्या मागची माणसं विसरली गेली.

बसऱ्याच्या स्मारकावर काय लिहिलंय?

ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा मेसोपोटेमियातल्या ४० हजारांहून अधिक मृतांसाठी बसऱ्याला एक भव्य स्मारक बांधलं गेलं. १९२९ मध्ये त्याचं अनावरण झालं. आधी ते शत-अल-अरब नदीच्या काठी, नौदलाच्या गोदीत होतं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या सरकारने ते दगड न् दगड उचलून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर, ३२ किलोमीटरवर नेऊन पुन्हा उभं केलं. (सिव्हिलवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो अर्धा तास क्रेनबद्दलच बोलत राहिला.)

भिंतींवर नावं कोरलेली आहेत. ब्रिटिश अधिकाऱ्यांची आहेत, ब्रिटिश शिपायांची आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. मात्र साध्या भारतीय शिपायाची पाळी आली की पलटणीच्या नावाखाली एक-दोन सुभेदार-जमादारांची नावं येतात आणि पुढे 'आणि इतर भारतीय शिपाई' असं म्हणून फक्त संख्या. असे नाव न कोरलेले शिपाई तीस हजारांहून अधिक आहेत.

थोडक्यात, रत्नागिरीच्या गावातल्या फलकावर जो प्रकार आहे तोच हजारो किलोमीटरवर बसऱ्यातही आहे. माणूस दोन्हीकडे आकड्यातच मोजला गेला.

अमारा या इराकी शहरातली गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. तिथे भारतीय सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तिथे सुमारे ५,००० जण आहेत आणि त्यातल्या फक्त ९ जणांची ओळख माहीत आहे. कारण सरळ आहे. कुणाला कुठे पुरलं याची नीट नोंद लष्कराने ठेवलीच नाही.

नावं का कोरली नाहीत?

दगड कमी पडला म्हणून नाही. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. आज त्याचं नाव 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन' असं आहे. मेलेल्यांमध्ये हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही, प्रत्येकाचं नाव राहिलं पाहिजे, हे या आयोगाचं मूळ तत्त्व. युरोपात ते बऱ्याच अंशी पाळलं गेलं. फ्रान्समधल्या नव्ह-शापेल इथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत, त्यात साधे शिपाईही आहेत. सुएझच्या पूर्वेला आणि आफ्रिकेत मात्र तत्त्व बदललं. तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की 'नेटिव्ह' शिपायाच्या घरच्यांना नाव कोरलं काय नि न कोरलं काय, फरक पडत नाही.

२०१९ मध्ये ब्रिटनमध्ये एक माहितीपट आला, त्यातून ही बाब पुन्हा वर आली आणि आयोगाला स्वतःचीच चौकशी करावी लागली. एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन असे मिळून ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती इतरांच्या तुलनेत दुय्यम पद्धतीने जपली गेली. याशिवाय किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावाने किंवा अजिबातच दखल घेतली गेली नव्हती. यातले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले. आयोगाने माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

माफीने बसऱ्याच्या भिंतीवर नावं उमटली नाहीत. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. भिंतीवर नसलेली यातली बरीचशी नावं कागदावर होती. पलटणीच्या नोंदी होत्या, त्यावरून याद्या तयार झाल्या होत्या. आता त्या ऑनलाइन आहेत.

पण ही लढाई 'आपली' होती का?

हा प्रश्न येणारच. साम्राज्यासाठी लढलेल्यांचा सन्मान स्वतंत्र भारतातल्या गावाने का करावा? दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत, ती पहिलं महायुद्ध आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. २०१९ मध्ये त्याच परिसरात उभारलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरच्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर स्वातंत्र्यानंतरच्या सुमारे २६ हजार हुतात्म्यांची नावं आहेत. म्हणजे देशाने दोन्हींना जागा दिली, पण वेगवेगळी.

माझं मत विचाराल तर, दुष्काळ, कर्ज, घरात एकच खंडी भात यातून जो पोरगा पलटणीत गेला, त्याच्या निष्ठेची परीक्षा आपण एसीत बसून घेऊ नये. तो या गावचा होता आणि परत आला नाही, एवढं नाव लिहायला पुरेसं आहे.

आणि नाव लिहिल्याने काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा इथे कंपनी सरकारने जो स्तंभ उभारला, त्यावर मृत शिपायांची नावं आहेत, मराठीतही आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे आणि त्यावरून ते महार शिपाई होते हे शंभर वर्षांनीही वाचता आलं. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. नुसता आकडा कोरलेला असता तर हा इतिहास कुणाला वाचता आला असता? पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर मोडली गेली. तिथल्या शिपायांच्या गावचे फलकही याच पठडीतले.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बरंच सुधारलं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मारले गेले. मशीनगनवर एकट्याने चाल करून जाणाऱ्या या २२ वर्षांच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, पण इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे आणि माणगावात पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याला पुतळा मिळतो, हे ठीकच. पण त्या स्मारकावर बिनपदकाच्या साध्या शिपायांचीही नावं आहेत. बसऱ्याच्या वेळी नेमकं हेच झालं नाही.

तुमच्या गावचं नाव कसं शोधाल?

आता कामाचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर युद्धातल्या मृतांचा शोध मोफत घेता येतो, लॉगिन लागत नाही. बहुतेक जण तिथे आडनाव टाकतात, हजारभर निकाल येतात आणि नाद सोडतात. मीही पहिल्यांदा तेच केलं.

युक्ती अशी आहे की नाव टाकायचंच नाही, गाव टाकायचं. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये 'ॲडिशनल इन्फर्मेशन' नावाची चौकट असते. अनेक भारतीय शिपायांच्या नोंदीत या भागात 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, अमुक जिल्हा, बॉम्बे' असा पत्ता असतो. तिथे आधी फक्त तालुक्याचं नाव टाका, युद्ध 'पहिलं महायुद्ध' निवडा आणि सैन्य 'इंडियन' निवडा. आलेली यादी स्प्रेडशीट म्हणून डाउनलोड होते. ती गावाच्या रकान्याने चाळा. मोबाइलवर जमतं, पण लॅपटॉप असेल तर डोळे वाचतील.

अडचण स्पेलिंगची येते, आणि इथे थोडा चिवटपणा लागतो. पलटणीच्या कारकुनाने ऐकून जे लिहिलं तेच रेकॉर्ड. एकच 'चव्हाण' तीन-चार तऱ्हांनी भेटतो. 'मराठा' हा शब्द त्या काळी 'एमए' नंतर एक 'एच' आणि पुढे दोन 'टी' असा लिहायचे, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने पलटण शोधली तर हाती काही लागणार नाही. गावाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं गाळून शोधलं तर जास्त सापडतं, हा माझा अनुभव. वाड्यांची नावं कधी गावाच्या जागी, कधी तालुक्याच्या जागी जाऊन बसलेली असतात.

दुसरी अडचण जिल्ह्यांची. १९१४ चा नकाशा डोळ्यांपुढे ठेवा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ ला झाला. तोवर मालवण, कणकवली, देवगड हे सगळं रत्नागिरीतच होतं, तर सावंतवाडी हे वेगळं संस्थान. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सांगली जिल्हा १९४९ ला 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा निघाला, त्यामुळे तासगाव, वाळवा, खानापूरचे शिपाई साताऱ्याखाली सापडतील. कोल्हापूर संस्थान होतं. पुण्याचं स्पेलिंग अर्थातच 'पूना'.

दर्यावर्दी घराण्यांनी आणखी एक ठिकाण पाहावं. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच मृत्यू आलेल्या २,००० हून अधिक खलाशांचं स्मारक आहे. याच वेबसाइटवर 'बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल' या नावाखाली ती यादी मिळते. कोकण किनाऱ्यावरच्या गावांमध्ये 'पलटणीत नव्हता, बोटीवर होता' असं सांगितलं जात असेल तर आधी इथे बघा.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी हा खटाटोप लागत नाही. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या वेबसाइटवर नावाने शोध घेता येतो आणि तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही विचारता येतं.

माळ्यावरची पेटी उघडा

वेबसाइटवर नोंद सापडली तरी ती आपल्याच माणसाची कशावरून? याचं उत्तर कधी कधी घरातच असतं. युद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकार ब्राँझची एक गोल तबकडी पाठवत असे. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, त्यावर ब्रिटानिया आणि सिंह. त्या तबकडीवर माणसाचं नाव उठावात असतं आणि हुद्दा मुद्दाम लिहिलेला नसतो, सगळे मृत सारखे म्हणून. बसऱ्याच्या भिंतीवर जो न्याय झाला नाही तो या तबकडीवर झाला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पदकं असतील तर त्यांची कड पाहा. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते. नंबर मिळाला की ऑनलाइन नोंदीशी जुळवणी अगदी पक्की होते. एकच विनंती, पदक चिंच-मिठाने घासून लख्ख करू नका, कडेवरची अक्षरं आधी जातात. चांदीची पदकं वितळवून किती घरांत पाटल्या झाल्या असतील, तो विषय वेगळाच.

आणि फलकाचं काय?

असे बहुतेक फलक कुठल्याच संरक्षित यादीत नसतात. शाळेची जुनी इमारत पाडली, चावडीच्या जागी ग्रामपंचायतीचं नवं कार्यालय झालं की फलक राडारोड्याबरोबर जातो. म्हणून पहिलं काम फोटो काढण्याचं, लोकेशन चालू ठेवून. दुसरं, ऑइल पेंट काढायला खरवडणं किंवा ॲसिड नको. संगमरवर ॲसिडने विरघळतो, हे बारावीच्या केमिस्ट्रीत आपण सगळ्यांनी पाहिलंय. रंग सुटा करणारं साधं पेंट रिमूव्हर आणि मऊ ब्रश, तेही आधी कोपऱ्यात थोडं लावून पाहायचं.

जुन्या फलकावर नवं काही कोरू नये, असं मला वाटतं. तो त्या काळाचा कागद आहे, त्यातली उणीवही त्या काळाचीच आहे. नावं शेजारी लावावीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगाव शिलाफलक लागले, त्यावर स्थानिक वीरांची नावं लिहायची होती. तुमच्या गावच्या शिलाफलकावर जागा शिल्लक असेल तर ग्रामसभेत विषय मांडायला कुणाची हरकत नसावी. पुरावा म्हणून आयोगाच्या वेबसाइटवरून त्या शिपायाच्या नावाचं प्रमाणपत्रही मोफत डाउनलोड होतं.

आमच्या गावापुरतं सांगतो. तालुका टाकून काढलेल्या यादीत, भलत्याच स्पेलिंगखाली, गावाचं नाव सापडलं. मराठा पलटणीचा शिपाई, बसरा मेमोरियल, आणि पुढे बापाचं नाव. मी तो स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन दिवस नुसते हात जोडलेले इमोजी येत राहिले. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला खालच्या वाडीतल्या एका काकांनी फोटो पाठवला: देवघरात फळीवर ठेवलेली काळी पडलेली गोल तबकडी. आजवर ते तिला कुठल्यातरी देवीचा टाक समजून हळदकुंकू लावत आले होते.

तबकडीवरचं नाव आणि वेबसाइटवरचं नाव यात एका इंग्रजी अक्षराचा फरक आहे. नव्या पाटीवर कोणतं स्पेलिंग कोरायचं यावर ग्रुपमध्ये बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आजीनेच फोनवर विचारलं, "इंग्रजीत कशाला रे कोरताय?"